चिरगावचा कवी आणि पानिपतचा शायर

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या सडकेवर सुमारे तीस किलोमीटरवर चिरगाव लागते. बदलीवर या मुलखात आलेला मराठी मनुष्य झाशीला उतरतो, किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो, लक्ष्मीतलावाच्या काठी गंगाधररावांच्या छत्रीपाशी क्षणभर उभा राहतो आणि परततो. विष्णुभट गोडश्यांच्या 'माझा प्रवास'ने झाशीचा जो नकाशा आपल्या मनात काढून ठेवला आहे, त्याच्या बाहेर चिरगाव पडते. तेथे राणी नाही, तोफ नाही, मराठी नावाची एखादी पेठही नाही. असे असूनही वाङ्मयाच्या इतिहासाशी थोडाफार संबंध ठेवणाऱ्याने हे गाव चुकवू नये, असे माझे मत आहे. उसने घेणे आणि चोरी करणे यांतला भेद, आणि परधर्मीयाकडून घेतलेले मोकळेपणाने कबूल करण्यातली अडचण, या दोन्ही गोष्टींचा विचार करायला त्याच्याइतके सोयीचे ठिकाण मला दुसरे माहीत नाही.

गावाचा पूर्वेतिहास बुंदेल्यांचा आहे. चिरगावचे ठाकूर हे ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाचे वंशज. त्यांच्याकडे सव्वीस गावे होती. १८४१ साली राव बखतसिंहाने इंग्रजांचा हुकूम जुमानला नाही, तेव्हा त्याची गढी पाडली गेली आणि तो स्वतः पनवाडीला लढताना मारला गेला. मूळपुरुष वीरसिंह हाही विलक्षण मनुष्य. १६०२ साली शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून त्याने अबुल फजलला वाटेत गाठून मारले. अकबराच्या आज्ञेने महाभारताचे फार्सी भाषांतर झाले, त्याला प्रस्तावना लिहिणारा तो हाच अबुल फजल. दोन्ही धर्मांच्या लोकांनी एकमेकांचे ग्रंथ वाचले तर वैर ओसरेल, ही त्या प्रस्तावनेमागची धारणा होती. महाभारताच्या अशा पुरस्कर्त्याला एका हिंदू राजाने मारावे, ही गोष्ट धर्मयुद्धाच्या चौकटीत कशी बसवायची? ती बसत नाही, कारण ते वैर धर्माचे नव्हते, दरबाराचे होते. पुढे याच वीरसिंहाने जहांगिराच्या राज्यात मथुरेला केशवदेवाचे भव्य मंदिर उभारले, आणि १६७० साली औरंगजेबाने ते पाडले. येथे मात्र धर्म होता. इतिहास सांगताना या दोन घटना वेगळ्या ठेवाव्या लागतात. जो त्या एकत्र कालवतो तो पहिल्या घटनेवर अन्याय करतो, आणि जो दुसरी झाकतो तो सत्यावर.

याच गावी ३ ऑगस्ट १८८६ रोजी सेठ रामचरण यांच्या घरी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म झाला. घर सधन वैश्याचे, भक्ती रामाची. वडील स्वतः रामभक्तीची पदे रचीत. धाकटे बंधू सियारामशरण हेही पुढे नामांकित कवी आणि कादंबरीकार झाले. या भावंडांनी गावातच 'साहित्य-सदन' ही प्रकाशनसंस्था चालविली, आणि हिंदी वाचकांच्या दोन पिढ्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'चिरगाँव (झाँसी)' हा पत्ता वाचला. १९५२ पासून १९६४ पर्यंत मैथिलीशरण राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. त्याच सभागृहात १९५६ पासून आपले मामा वरेरकर बसत. शरच्चंद्रांना मराठीत आणणारे मामा आणि मायकेल मधुसूदनांना हिंदीत आणणारे गुप्तजी, दोघेही बंगालचे ऋणको. दोघेही १९६४ सालीच गेले.

मैथिलीशरणांना साऱ्या हिंदी मुलखात पोहोचविणारे पुस्तक म्हणजे 'भारत-भारती'. १९१२ च्या सुमारास ते सिद्ध झाले. देशाचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य अशी त्याची तीन खंडांची मांडणी आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते पाठ म्हटले जाई. पुस्तकाच्या आरंभी कवीची प्रस्तावना आहे, आणि माझ्या दृष्टीने ती पुस्तकाइतकीच महत्त्वाची आहे. कुर्री-सुदौलीचे राजा रामपालसिंह यांनी, मौलाना हालींच्या मुसद्दसाच्या धर्तीवर हिंदूंसाठी एखादे काव्य व्हावे, अशी इच्छा कळविली होती. तेथून हे काम सुरू झाले, असे तीत सांगितले आहे. हाली आणि कैफी या दोघांच्या मुसद्दसांचा आपण लाभ घेतला, असे कवी तेथे नाव घेऊन म्हणतो आणि दोघांचे आभार मानतो.

ही नावे मराठी वाचकाला परिचयाची असतीलच असे नाही. ख्वाजा अल्ताफ हुसैन हाली यांचा जन्म १८३७ साली पानिपतास झाला. पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच साल उभे राहते. त्या गावात माणसे राहत असत, मुले शिकत असत, कोणी शायरी करीत असे, हे आपल्या गावीही नसते. हाली गालिबचे शिष्य. गालिबचे चरित्रही त्यांनीच लिहिले. सर सय्यद अहमद यांच्या आग्रहावरून त्यांनी १८७९ साली 'मद्दो-जज्रे-इस्लाम', म्हणजे इस्लामची भरती आणि ओहोटी, हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. सहा-सहा चरणांच्या कडव्यांचे म्हणून ते 'मुसद्दस'. आपला समाज एकेकाळी काय होता आणि आज कोणत्या अवस्थेला येऊन पोहोचला आहे, याचा तो कठोर आत्मपरीक्षणाचा विलाप आहे. दुसरे नाव ब्रजमोहन दत्तात्रेय कैफी यांचे. यातल्या 'दत्तात्रेय' शब्दाने आपण फसू नये; गृहस्थ दिल्लीचे काश्मिरी पंडित आणि उर्दूचे मोठे विद्वान. त्यांनीही हालींच्याच वाटेने जाऊन मुसद्दस लिहिला होता. म्हणजे पानिपतच्या मुसलमान शायराने एक साचा घडविला, काश्मिरी ब्राह्मणाने तो उर्दूतच हिंदू समाजाकडे वळविला, आणि बुंदेलखंडातल्या वैष्णव वाण्याने त्याचे हिंदी काव्य केले.

आता याला वाङ्मयचौर्य म्हणावे काय? संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा कीस आपल्याआधी हजार वर्षे काढून ठेवला आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात एका काव्याचे दुसऱ्याशी असलेले साम्य तीन प्रकारचे मानले: आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि दोन सारख्या देहांच्या माणसांसारखे. पहिली दोन त्याज्य. तिसरे ग्राह्य, कारण देह सारखा असला तरी जीव निराळा असतो. त्यानंतर राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची घातली. हा राजशेखर आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. त्याचा पणजोबा अकालजलद हा 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गाजलेला, आणि पणतू मात्र कनोजच्या प्रतिहार राजाच्या पदरी. तेव्हा उत्तरेत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी मंडळींच्या यादीत त्याचे नाव बरेच वर घालावे लागेल. 'काव्यमीमांसा' छापून प्रसिद्ध झाली तीही १९१६ साली गायकवाडांच्या बडोद्यातच. राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे या विषयावरील मत आदराने दिले आहे. तो कवी अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याची कविता कडू, माझी गोड. अशा सबबींवर कवी हरण करतात, हे तिचे निरीक्षण इतके खमंग आहे की, ते दहाव्या शतकातले वाटत नाही.

आनंदवर्धनाच्या कसोटीवर 'भारत-भारती' तिसऱ्या प्रकारात बसते. गुप्तजींनी हालींचा छंद घेतला नाही. षट्पदी कडवे सोडून हरिगीतिका घेतली. हालींनी अरबस्तानातल्या इस्लामच्या उदयापासून आरंभ केला, यांनी आर्यांच्या प्राचीन वैभवापासून. घेतला तो सांगाडा: आपल्याच समाजाला आरशापुढे उभे करण्याची कल्पना. तरीही कवीने ऋण लिहून ठेवले. संस्कृत शास्त्र येथे थोडे कमी पडते असे मला वाटते. राजशेखर हरणाचे बत्तीस प्रकार सांगेल, त्यांतले कोणते कवीला शोभतात हेही सांगेल. पण मूळ कवीचे नाव सांगून टाकावे, हा साधा उपाय त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नाही. तो आधुनिक काळाचा, छापखान्याचा आणि प्रस्तावनेचा उपाय आहे.

गुप्तजींच्या दुसऱ्या मोठ्या काव्याची, 'साकेता'ची, कुळकथाही अशीच आहे. लक्ष्मणाच्या मागे अयोध्येत राहिलेल्या ऊर्मिलेकडे कवींनी दुर्लक्ष केले, ही तक्रार प्रथम केली रवींद्रनाथांनी. त्यांचा 'काव्येर उपेक्षिता' हा निबंध १९०७ च्या 'प्राचीन साहित्य' या संग्रहात आहे. १९०८ साली महावीरप्रसाद द्विवेदींनी आपल्या 'सरस्वती' मासिकात त्याच विषयावर हिंदीत लेख लिहिला, आणि टोपणनाव घेतले भुजंगभूषण भट्टाचार्य! नाव बंगाली थाटाचे निवडण्यात ऋणाची काही खूण होती की नुसती गंमत, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ती खूण वाटते. त्या लेखाने चिरगावच्या तरुण कवीच्या मनात ऊर्मिला शिरली ती कित्येक वर्षांनी, १९३१ साली, बारा सर्गांचे काव्य होऊन बाहेर पडली. द्विवेदींना गुरू म्हणण्यात त्याने जन्मभर कधी कसूर केली नाही. हे द्विवेदी मूळचे रेल्वेचे नोकर. मुंबईपासून झाशीपर्यंत बदल्या भोगलेले, आणि त्या बदल्यांच्या काळात मराठी शिकलेले. १९०४ साली झाशीतच त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. हिंदी कवितेत संस्कृत वृत्तांचा त्यांनी जो आग्रह धरला त्यामागे मराठी कवितेचा परिणाम होता, असे रामचंद्र शुक्लांसारख्या इतिहासकाराने नमूद केले आहे. आपल्यापैकी किती जणांनी बदलीच्या गावची भाषा शिकून तिचे असे काही आपल्या भाषेत नेले, हा प्रश्न येथे सहज मनात येऊन जातो.

अनुवादांच्या बाबतीत तर गुप्तजींनी निराळेच नाव धारण केले. मायकेल मधुसूदन दत्तांची 'विरहिणी व्रजांगना' आणि 'मेघनाद-वध', नवीनचंद्र सेनांचे 'पलासी का युद्ध', हे अनुवाद त्यांनी 'मधुप' या नावाने प्रसिद्ध केले. मधुप म्हणजे भुंगा. मध दुसऱ्याच्या फुलातला आहे, हे त्या नावातच सांगून टाकलेले. 'मेघनाद-वधा'ची निवड मला नेहमी आश्चर्यात टाकते. मधुसूदन १८४३ साली ख्रिस्ती झाले. १८६१ च्या त्यांच्या काव्यात कवीचे सारे प्रेम रावणाच्या पुत्राकडे आहे; राम-लक्ष्मण तेथे उणे ठरतात. ज्याच्या घरी रामाच्या पूजेवाचून दिवस उगवत नसे, त्या माणसाने हे काव्य सर्गामागून सर्ग आपल्या भाषेत उतरवावे, यासाठी नुसती काव्यरसिकता पुरेशी नाही. आपल्या दैवताची निंदा ऐकून हात कापू नये, इतकी श्रद्धा पक्की असावी लागते. ज्याची श्रद्धा डळमळीत, तोच पुस्तके जाळायला धावतो.

पण येथवरचे चित्र फार गोड झाले. 'भारत-भारती'च्या अतीत-खंडात मुसलमानी राजवटीतल्या जुलमांचे वर्णन आहे, आणि 'यवन' हा शब्द तेथे प्रेमाने आलेला नाही. औरंगजेबावर टीका आहे. अकबराचा गौरवही आहे, आणि मनापासून आहे. तरी काव्यातला 'आम्ही' हा प्रायः हिंदू 'आम्ही' आहे, हे नाकारता येत नाही. म्हणजे ज्या काव्याची रचना एका मुसलमान शायराच्या आधाराने झाली, त्याच काव्यात त्या शायराला स्वतःसाठी बसायला जागा थोडी होती. पुस्तकात काही ठिकाणी कठोर लिहावे लागले याची खंत कवीने प्रस्तावनेतच व्यक्त केली आहे. ऋण मान्य करणे आणि धनकोला घरात घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली प्रामाणिकपणाने साधते. दुसरीला वेळ लागतो.

गुप्तजींना तो वेळ लागला असे मी समजतो. शीख गुरूंवर 'गुरुकुल', बुद्धाच्या पत्नीवर 'यशोधरा', चैतन्यांच्या पत्नीवर 'विष्णुप्रिया' असे त्यांचे वर्तुळ विस्तारत गेले. आणि १९४२ साली, फाळणीची भाषा चोहोकडे ऐकू येत असताना, त्यांनी 'काबा और कर्बला' लिहिले: पैगंबरांचे जीवन आणि इमाम हुसैन यांचे हौतात्म्य. त्या वर्षी हिंदी कवीने हा विषय घेण्याचे कोणतेही व्यावहारिक कारण नव्हते. हे काव्य त्यांच्या श्रेष्ठ कृतींत मोडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण तीस वर्षांपूर्वी हालींकडून घेतलेले कर्ज व्याजासह परत करायला आलेला माणूस मला त्यात दिसतो.

याला घरची पार्श्वभूमीही होती. मुन्शी अजमेरी हे जन्माने मुसलमान, वृत्तीने वैष्णव, चिरगावच्या गुप्तांच्या घरात घरच्यासारखे राहणारे कवी आणि गायक. बुंदेलखंडी गोष्टी सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. 'हेमला सत्ता' हे त्यांचे कथाकाव्य 'साहित्य-सदना'नेच छापले. एका रामभक्त सेठाच्या ओसरीवर मुसलमान कवी भजन गातो आणि शेजारी बसलेली मुले त्याच्याकडून छंद शिकतात, हे ज्या घरात रोजचे होते, तेथल्या मुलाला हालींचे नाव प्रस्तावनेत घालताना धीर करावा लागला नसेल.

आता आपल्या घराकडे वळू. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल की, प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ चिजेचा किंवा पदाचा मुखडा दिलेला असे. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'पासून ही रीत दिसते. चाल कोठून आली हे प्रेक्षकाला ठाऊक व्हावे, यात नाटककाराला कमीपणा वाटत नसे. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला चाली दिल्या त्या भास्करबुवा बखल्यांनी. ते फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांचे शागीर्द. तेव्हा रुक्मिणी कृष्णासाठी झुरत असताना जे स्वर आळवीत होती, त्यांच्यामागे तीन उस्तादांची तालीम होती. पुण्यामुंबईच्या सोवळ्या प्रेक्षकाला त्यात काही विटाळ जाणवला नाही, आणि बुवांनी ती कधी लपविली नाही.

याच्या उलट उदाहरणही आपलेच आहे, आणि ते सांगताना जीभ अडखळते. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तोवर दक्षिणेत मोहरमचे ताबूत हा दोन्ही समाजांचा उत्सव होता. हिंदू घरांतून ताबुतांना नवस होत, हिंदू तरुण सोंगे घेऊन मिरवणुकीत नाचत, वाजंत्रीही हिंदूच वाजवीत. १८९४ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव मोठ्या प्रमाणावर झाला. त्यात जे मेळे निघाले, एकसारखा पोशाख केलेली, तालात पदे म्हणत रस्त्याने जाणारी ती पथके, त्यांची घडण मोहरमच्या टोळ्यांशी किती जुळती होती हे त्या काळच्या लोकांच्या नजरेतून सुटले नाही. पुढच्या इतिहासकारांनीही ते नोंदविले आहे. आणि त्या मेळ्यांनी म्हटलेल्या पदांपैकी काहींचा विषय कोणता? तर हिंदूंनी ताबुतांना जाऊ नये हा! साचा ताबुताचा, आणि त्यात ओतले ते ताबुतावरचे बहिष्कारपत्र.

गणेशोत्सवाने महाराष्ट्राला काय दिले हे मी विसरत नाही. राजकीय जागृती दिली, व्याख्यानमाला दिल्या, आणि परप्रांतात आपणा बदलीच्या माणसांना वर्षातले दहा दिवस स्वतःचे असे गाव दिले. माझा आक्षेप उत्सवाला नाही. त्यातल्या त्या एका विस्मरणाला आहे. पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिणाऱ्या समाजाने मेळ्याच्या डोक्यावरची 'चाल' तेवढी पुसली. वाङ्मयचोराला मूळ कर्त्याचे नाव पुसावे लागते ते अहंकारापोटी. धर्मद्वेष्ट्याला ते पुसावे लागते कारण ज्याला परका ठरवायचे त्याचेच आपल्या अंगावर काही निघाले तर त्याचा सारा युक्तिवाद कोसळतो. हेतू वेगळे असतील, हात एकच काम करतात. आणि चोराला निदान आपण काय घेतले ते ठाऊक असते. दुसऱ्या पिढीच्या द्वेष्ट्याला तेही ठाऊक नसते.

पानिपतच्या शायराचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. हाली १९१४ साली वारले, म्हणजे 'भारत-भारती' नुकतीच लोकांच्या हाती पडत असताना. १९४७ च्या फाळणीत पानिपतची मुसलमान वस्ती जवळजवळ सगळी उठून गेली. हालींच्या वंशातले ख्वाजा अहमद अब्बास मुंबईचे झाले आणि मुंबईतच राहिले. हालींची कबर मात्र पानिपतलाच, बू अली शाह कलंदराच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दिल्लीहून पानिपतला जाणारा मराठी मनुष्य काला आंबची जागा पाहून, डोळे पुसून, परत फिरतो. दर्गा गावाच्या जुन्या वस्तीत आहे, आणि त्यासाठी फार वाट वाकडी करावी लागत नाही.